बरणीभर तारा

सायकलच्या टायरवर एवढी मोठी पोस्ट कशाला, असं म्हणून काहीजण पुढे सरकतील. सरकू द्या. पण गेल्या वर्षभरात ज्यांची गाडी एकदा तरी पंक्चर झालीय त्यांनी थोडं थांबावं. विषय वरवर टायरचा आहे, खरा आहे तो रस्त्याच्या कडेचा. ही कडा सगळ्यांची आहे, आणि आपल्याकडे जे सगळ्यांचं असतं त्याचं पुढे काय होतं ते मी वेगळं सांगायला नको.

मी सहा वर्षं रोडबाइक चालवतोय. म्हणजे ती बारीक टायरची, वाकड्या हँडलची, जिला आपल्याकडे अजून 'रेसर सायकल' म्हणतात ती. सेकंडहँड घेतली तेव्हा तिच्या चाकांना ट्यूबलर टायर होते. आजही तेच वापरतो. रोज पहाटे तीस-चाळीस किलोमीटर होतात. माझ्या बातम्यांचा निम्मा कच्चा माल या फेरीतच मिळतो. सायकलच्या वेगात रस्ता दिसतो, कुठे काय खोदलंय, कुठे पाणी फुटलंय, सगळं कळतं.

ट्यूबलर म्हणजे काय ते आधी सांगतो, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

आपल्या नेहमीच्या सायकलचा टायर आतल्या बाजूने उघडा असतो. त्याच्या कडा रिमच्या कडेत अडकतात आणि ट्यूब वेगळी आत बसते. ट्यूबलरचं तसं नसतं. सुती किंवा पॉलिस्टरच्या कापडाचा टायर ट्यूबभोवती गुंडाळून खालून चक्क शिवून टाकलेला असतो. शिवणीवर एक पट्टी चिकटवलेली असते. आडवा कापून पाहिला तर पूर्ण गोल, पाण्याच्या पाइपसारखा. हा गोल पाइप रिमवर सोल्युशनने चिकटवायचा. रिमला उभ्या कडा नाहीत, त्यामुळे रिम हलकी होते. खड्ड्यात चाक आपटलं तर रिमच्या कडेत ट्यूब चेंबून दोन भोकं पडायची भीतीही कमी. हवा शंभर पीएसआयच्या पुढे आरामात भरता येते.

आणि खरी गंमत पुढे आहे. नीट चिकटवलेला ट्यूबलर हवा गेली तरी रिम सोडत नाही. उतारावर अचानक पंक्चर झालं तरी सायकल हातात राहते, हळूहळू बाजूला घेता येते.

'नीट चिकटवलेला' हे दोन शब्द मात्र विसरायचे नाहीत. २००३ च्या टूर द फ्रान्समध्ये, १४ जुलैला, फ्रान्समधल्या गॅप शहराकडे उतरताना स्पेनचा होसेबा बेलोकी पडला. उन्हाने डांबर पातळ झालेलं. त्याचं मागचं चाक अडकलं, घसरलं, टायर रिमवरून सुटला. मांडीचं हाड मोडलं, मनगट मोडलं, कोपर मोडलं. त्या दिवशी तो एकूण क्रमवारीत दुसरा होता. त्यानंतर त्या जागी तो पुन्हा कधी दिसला नाही.

गेल्या काही वर्षांत जगातल्या मोठ्या संघांनी ट्यूबलर सोडून ट्यूबलेस धरलंय. मग शहरातले हौशी लोकही तिकडे वळले, आणि त्यांची जुनी ट्यूबलरची चाकं स्वस्तात खाली, आपल्यासारख्या तालुक्यांत येऊ लागली. चाकं स्वस्त मिळतात. टायर स्वस्त मिळत नाहीत. बरा ट्यूबलर घ्यायचा तर एका टायरला काही हजार रुपये मोजावे लागतात, तेही ऑनलाइन मागवून, आठवडाभर वाट बघून.

आता पंक्चर. साध्या सायकलचं पंक्चर म्हणजे पंक्चरवाल्याकडे जायचं, बादलीत ट्यूब बुडवायची, ठिगळ लावायचं, दहा मिनिटांत रस्त्याला. ट्यूबलरला यातलं काहीच चालत नाही. पहिली अडचण हवेपासूनच. आपल्याकडच्या साध्या सायकलींना वालट्यूबचा व्हॉल्व्ह, मोटारसायकलींना जाड व्हॉल्व्ह. ट्यूबलरला असतो बारीक प्रेस्टा. त्याच्या टोकाची चिमुकली चकती सैल करून हवा भरायची. हायवेवरच्या कॉम्प्रेसरचं तोंड त्याला बसतच नाही. पन्नास रुपयांची पितळी टोपी खिशात असेल तर बसतं. ही टोपी माझ्या किल्लीच्या जुडग्यातच आहे.

वाटेत पंक्चर झालं तर दोन उपाय. भोक बारीक असेल आणि व्हॉल्व्हचा गाभा निघणारा असेल, तर त्यातून सीलंट सोडायचं, चाक फिरवायचं, हवा भरायची. काट्याचं भोक बहुतेक वेळा बुजतं. काचेने टायर फाटला असेल तर सीलंट नुसतं रस्त्यावर सांडतं. मग दुसरा उपाय: सीटखाली घडी करून बांधलेला स्पेअर ट्यूबलर. व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूने अंगठे लावून जुना टायर उपसायचा. चांगला चिकटवलेला असेल तर तो उपसताना अंगठ्यांचा जीव जातो, आणि तीच तुमच्या चिकटवण्याची पावती. नवा बसवताना आधी व्हॉल्व्ह घालायचा, मग दोन्ही हातांनी टायर खाली ताणत ताणत आणायचा आणि शेवटचा वीतभर भाग रिमवर लोटायचा. स्पेअर घरीच आधी एखाद्या रिमवर ताणून ठेवलेला आणि पट्टीला सोल्युशन लावून वाळवलेला पाहिजे. कोरा करकरीत असेल तर रस्त्यावर चढता चढत नाही. आणि चढला तरी तो नुसता जुन्या सोल्युशनच्या चिकटीवर बसलेला असतो. म्हणून वळणावर सायकल आडवी करायची नाही. सरळ, हळू, घरी.

पंक्चर झालेल्या टायरचं काय? इथे आमचे मामा येतात.

बसस्टँडमागे त्यांचं सायकलचं दुकान. वय सत्तरीच्या पुढे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीचे दिवस त्यांनी पाहिलेत. खोपोलीहून बोरघाट चढून जो पहिला वर येईल त्याला 'घाटांचा राजा' म्हणतात, ती शर्यत. मामा सांगतात, तरुणपणी खेळाडूंबरोबर मिस्त्री म्हणून गेलो की रात्री लॉजवर बसून टायर शिवायचो. तालुक्यात ट्यूबलर शिवता येणारा आज हा एकच माणूस.

ते कसं करतात ते पाहिलं की वाटतं, हे पंक्चर काढणं नाही, हे ऑपरेशन आहे. आधी भोक शोधायचं. टायर पाण्यात बुडवला की बुडबुडे येतात व्हॉल्व्हपाशी, कारण आतल्या आत हवा फिरून तिथूनच बाहेर पडते. भोक दुसरीकडेच असतं. मामा टायरच्या पाठीवरून नख फिरवत जातात, जिथे खुपतं तिथे खडूने खूण. त्या जागेची खालची पट्टी अलगद उचलायची. शिवणीवर पेनाने चार आडव्या रेघा ओढायच्या, म्हणजे पुन्हा शिवताना दोन्ही बाजू जिथल्या तिथे येतात. मग ब्लेडने तीन-चार बोटं दोरा कापायचा. फक्त दोरा, कापड नाही. ट्यूब चिमटीने बाहेर काढायची, घासायची, बारीक ठिगळ लावायचं. टायर आतून बोटाने तपासायचा, कारण तार तिथेच बसलेली असली तर सगळं मुसळ केरात. ट्यूब आत सारून तिच्यावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवायचा, म्हणजे सुई टोचणार नाही. मग मेणाच्या दोऱ्याने, जुन्याच भोकांतून, टाका टाका शिवत यायचं. पट्टी चिकटवायची. नंतर रिमवर सोल्युशनचा पातळ हात, एक दिवस वाळवायचं. टायर बसवून पुन्हा एक दिवस.

दोन-तीन दिवस एका भोकासाठी. आणि ते भोक करणारी वस्तू बहुतेक वेळा नखाएवढी पण नसते.

ही डोकेदुखी जुनी आहे. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला, तो रिमला चिकटवलेलाच असायचा. मिशेलिन कंपनीत एक गोष्ट सांगतात. १८८९ मध्ये एक सायकलवाला फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँला त्यांच्या कारखान्यात पंक्चर घेऊन आला. टायर काढून दुरुस्त करायला काही तास, वर रात्रभर वाळवणं. दुसऱ्या दिवशी थोडं अंतर चालवून पाहिली आणि पुन्हा हवा गेली. एदुआर मिशेलिनने ठरवलं की सहज काढता येईल असा टायर करायचा. १८९१ मध्ये केला. त्याच वर्षी शार्ल तेराँने तो लावून पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे बाराशे किलोमीटरची शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी मिशेलिनने पॅरिस ते क्लेरमाँ-फेराँ शर्यत भरवली आणि आपला टायर किती पटकन दुरुस्त होतो ते दाखवायला रस्त्यावर मुद्दाम खिळे टाकले.

मी ही गोष्ट मामांना सांगितली. मामा म्हणाले, "आपल्याकडं मुद्दाम टाकायला नको. आपोआप पडत्यात."

या 'आपोआप' शब्दावर मी अडलो. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला सहा ककार शिकवले होते. काय, कोण, कुठे, कधी, का, कसे. ज्या बातमीत 'आपोआप' येतं तिथे एक ककार राहून गेलेला असतो, असं आमचे सर म्हणायचे. म्हणून मी पंक्चरांची वही घातली. प्रत्येक पंक्चरला तारीख, ठिकाण, किलोमीटरचा दगड, टायरमधून काय निघालं.

वही सांगते ती अशी. पहिला नंबर बारीक पोलादी तारेचा, केसाहून थोडी जाड, अर्धा-पाऊण सेंटिमीटर लांब. दुसरा काचेचा, बहुतेक बाटलीच्या. तिसरा सराट्याचा. शेतकऱ्यांना सराटा सांगायला नको, कसाही पडला तरी एक काटा वर. त्यानंतर वेड्या बाभळीचे काटे. मागचं चाक पुढच्यापेक्षा जास्त वेळा पंक्चर होतं, कारण वजन मागे जास्त आणि आडवी पडलेली वस्तू पुढचं चाक उभी करून ठेवतं. पावसात पंक्चर वाढतात, ओल्या रबरात काच लोण्यात सुरी जावी तशी जाते.

आणि ठिकाण? जवळजवळ सगळी पंक्चर डांबराच्या शेवटच्या दीड-दोन फुटांत. मोठ्या गाड्यांची चाकं मधला रस्ता झाडत राहतात, सगळा केर कडेला लोटला जातो. आणि त्याच मोठ्या गाड्या सायकलवाल्यालाही कडेलाच लोटतात. केर आणि सायकल, दोघांची जागा एकच.

आता तारेचा ककार. ही तार ट्रकच्या टायरमधली. आजकालच्या रेडियल टायरच्या पोटात पोलादी तारांची जाळी असते. टायर फुटला की चिंध्या उडतात, चिंध्या झिजून तारा सुटतात. पण माझ्या वहीत एका फाट्यावर तारांची नोंद वारंवार येत होती. तिथे ट्रकचे टायर फार फुटतात असं काही नाही. तिथे टायर जाळले जातात.

आता काहीजण चिडतील, पण लिहितो. उसाच्या दराचं असो, पाण्याचं असो, आरक्षणाचं असो, रास्ता रोको त्याच फाट्यावर होतो. गेली कित्येक वर्षं मी ती आंदोलनं कव्हर करतोय. मागण्या बहुतेक रास्त असतात, आणि रस्त्यावर उतरल्याशिवाय कुणी ऐकत नाही हेही खरं. टायर पेटतो, धूर होतो, फोटो येतो, निवेदन दिलं जातं, वाहतूक सुरळीत होते. रबर जळून जातं. तार जळत नाही. आंदोलन मागे घेतलं जातं, तार तिथेच राहते.

ही तार त्या हंगामात एका पोरीच्या टायरमध्ये गेली.

नाव लिहीत नाही, तिनेच नको सांगितलंय. बारावीला आहे. वडील एसटीत मेकॅनिक. पहाटे साडेपाचला कॉलनीतून निघते ती सातला परत. तिची चाकं एका जुन्या खेळाडूने दिलेली, ट्यूबलरची. टायर दोनच चांगले, आणि स्पेअर होता तो आधीच्या महिन्यात काचेने उभा फाटलेला. रविवारी निवड चाचणी होती. बुधवारी पहाटे त्या फाट्याच्या पुढे मागच्या चाकातली हवा गेली. सायकल खांद्यावर घेऊन ती सहा किलोमीटर चालत आली. टायरवर ढकलत आणली असती तर कापड फाटलं असतं, हे तिला माहीत होतं.

मी दुकानात पोचलो तेव्हा मामांनी चिमट्याने तार काढून फडक्यावर ठेवली होती. पोरगी तिच्याकडे बघत बसलेली.

"मामा, रविवारपर्यंत होईल का हो?"

मामा बोटं मोजत होते. "आज शिवतो. रातभर पट्टी. उद्या रिमला सोल्युशन. शुक्रवारी बसवू. शनवारी हात लावायचा न्हाय. रविवारी पळव."

"म्हणजे तीन दिवस प्रॅक्टिस नाही."

"तीन दिवस पायांना सुट्टी म्हण की."

ती हसली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, तुम्ही त्या आंदोलनाचा फोटो टाकला होता ना? त्याच्याखाली माझ्या पप्पांनी लाइक केलं होतं."

याला काय उत्तर द्यायचं? तिच्या वडिलांच्या भावाचा ऊस त्याच कारखान्याला जातो. ते आंदोलन त्यांचंही होतं. तार टाकणारा कुणी परका नव्हता, आणि जिच्या टायरात गेली तीही परकी नव्हती. रस्त्याचं राजकारण आपल्याला नेहमी 'ते' आणि 'आपण' असं बोलायला आवडतं. या तारेत 'ते' कुणीच सापडत नव्हते.

संध्याकाळी मामांनी एका जुन्या स्पीकरचं चुंबक काढलं, त्याला दोरी बांधली आणि म्हणाले, चला. मी, मामा, त्यांचा नातू. फाट्यावर जळक्या डागावरून आणि पुढच्या कडेवरून ते चुंबक आम्ही अर्धा तास ओढत होतो. दर दोन-तीन मिनिटांनी त्याला दाढी फुटायची, ती झाडून बरणीत टाकायची. लोणच्याची अर्धा किलोची बरणी होती. अर्ध्या तासात निम्म्याच्या वर भरली.

ती बरणी घेऊन मी दोन ठिकाणी गेलो.

पहिलं म्हणजे आंदोलनातल्या कार्यकर्त्यांकडे. बरणी टेबलावर ठेवली आणि गोष्ट सांगितली. एकजण म्हणाला, "दादा, आता टायर पण जाळायचा नाही का? मग आमचं ऐकणार कोण?" दुसऱ्याने बरणी उचलून उजेडात धरली, बराच वेळ बघितली. म्हणाला, "माझी मोटारसायकल महिन्यात तिथंच दोनदा बसली." पुढच्या रास्ता रोकोत टायर पेटला नाही. ट्रॅक्टर आडवे लावले, भजन झालं, फोटो तसाही आला. कुणी कुणाला उपदेश केला नाही, फक्त बरणी दाखवली.

दुसरं म्हणजे सरकारी कार्यालयं. 'कार्यालयं' म्हणतो, कारण एकाने सांगितलं हा रस्ता आमच्या हद्दीत येत नाही आणि दुसऱ्याने सांगितलं झाडणं हे पहिल्याचं काम. मग २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दोन्हीकडे अर्ज टाकले. कायद्यात तीस दिवस आहेत. उत्तर जरा उशिरा आलं, पण आलं. त्या रस्त्याच्या देखभालीच्या कंत्राटात साईडपट्टीची साफसफाई लिहिलेली आहे. ओळ आहे, दर आहे, बिलही निघालंय. फक्त झाडू कुणी पाहिलेला नाही.

तिथल्या साहेबांची बाजूही लिहायला हवी. मला चहा देऊन ते म्हणाले, "तुम्ही लहानपणी मैलकुली पाहिला असेल. ठरावीक टप्प्याला एक माणूस. खड्डा बुजवायचा, गटार मोकळं करायचं, कडा झाडायची. ती माणसं निवृत्त झाली, जागा भरल्या नाहीत. आता आमच्याकडे रस्ता आहे, फाईल आहे, माणूस नाही." ते खोटं बोलत नव्हते. पण मैलकुली गेला म्हणून त्याच्या कामाचं बिल गेलं नाही, ते दुसऱ्या कुणाच्या खिशात चाललंय. टायरसारखंच झालं. बुडबुडे व्हॉल्व्हपाशी, भोक भलतीकडे. आपण खड्ड्याचे फोटो टाकतो, पोस्ट फिरते, मुरूम पडतो, पुढच्या पावसात वाहून जातो. देखभालीच्या त्या एका ओळीवर नख फिरवून कुणी बघत नाही.

रविवारची चाचणी झाली. पोरगी अकरावी आली. निवड पहिल्या सहाजणींची होती. मामांनी शिवलेला टायर शेवटपर्यंत टिकला. संध्याकाळी ती दुकानात आली, थकलेली, पण चेहरा पडलेला नव्हता. मामांनी रस्ता कसा होता विचारलं. म्हणाली, "मामा, तिथं रस्ता झाडला होता. कडेकडेनं पण. मी पहिल्यांदा कडेनं न घाबरता चालवली."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. शर्यतीच्या दिवशी रस्ता झाडता येतो. मंत्र्यांच्या दौऱ्याच्या आदल्या रात्री येतो. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली, देशोदेशीचे सायकलपटू पुणे जिल्ह्यात धावले, त्या मार्गावरचे रस्ते आधी नव्याने करून घेतले. चांगलं झालं, मला आनंदच आहे. त्यातून एवढंच सिद्ध होतं की आपल्या यंत्रणेला हे जमतं. माणसं मिळतात, झाडू मिळतो, डांबर मिळतं. मिळत नाही ती फक्त साधी तारीख. मंगळवार, बुधवार, रोजचा दिवस.

उत्तर फ्रान्समध्ये पॅरिस-रूबे नावाची शर्यत आहे. खडबडीत दगडी रस्त्यांची. पहिल्या महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या तिथल्या प्रदेशावरून तिला 'उत्तरेचा नरक' हे नाव पडलं. ते जुने दगडी रस्ते टिकून राहावेत म्हणून तिथे स्वयंसेवकांची एक संस्था आहे, ती दगड नीट बसवते, गवत काढते. खराब रस्ता जपायलासुद्धा तिथे माणसं राबतात. आपल्याकडे खराब रस्ता जपायला संस्था लागत नाही, तो आपला आपण टिकून आहे.

कुणी म्हणेल, पत्रकार, हौसेच्या महागड्या टायरसाठी एवढा आटापिटा? ट्यूबलर तालुक्यात असतील सात-आठ. मान्य. पण त्याच कडेने पहाटे दूधवाला जातो, शाळेची पोरं जातात, एमआयडीसीची पहिली पाळी जाते. त्यांचं पंक्चर पन्नास-शंभर रुपयांत निघतं म्हणून त्याची बातमी होत नाही. शाळेचा पहिला तास बुडतो, कामावर अर्धा दिवस कापला जातो, ते बिल कुठेच दिसत नाही. आणि काच चुकवायला सायकल दोन फूट आत घेतली की मागून डंपर असतो. तिथे प्रश्न टायरचा राहत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख आणि जखमींना पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यायला सांगितलं. धडधाकट रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे हे न्यायालय आधीपासून सांगतंय. भरपाई मिळायला मात्र आधी माणूस पडावा लागतो. झाडू त्याच्या आधी फिरतो, म्हणून तो जास्त स्वस्त.

माझी मागणी लहान आहे. कंत्राटात जी ओळ आहे ती रस्त्यावर दिसू द्या. कडा आठवड्यातून एकदा झाडा आणि झाडल्याची तारीख, फोटो कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लावा. रस्ता खोदणाऱ्याने बुजवल्यावर खडी उचलावी, बिल त्यानंतर. आणि आंदोलन कुणाचंही असो, उठताना जागा झाडून उठा.

सायकलवाल्यांना एक सांगणं. फेरीहून आलात की दोन्ही टायरवरून फडकं फिरवा, बसलेली काच तेव्हाच निघते. तार बहुतेक वेळा पहिल्या फेऱ्यात टोचत नाही, फिरत फिरत आत जाते. ट्यूबलर असेल तर दर महिन्याला हवा काढून अंगठ्याने बाजूला ढकलून बघा, कुठे उचकटला असेल तर त्यावर घाटात जाऊ नका. आणि ज्यांना शिवायला शिकायचंय त्यांनी दुपारी चारनंतर मामांकडे या. फी नाही, पण स्वतःची सुई आणायची.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता फाट्यावर जमतोय. चुंबकं तीन झालीत, झाडू आपापले आणा. आंदोलनातली पोरं येणार आहेत, ती पोरगी येणार आहे. दोन्ही कार्यालयांना रीतसर पत्र दिलंय, पोच घेतलीय. ज्यांना येता येणार नाही त्यांनी आपल्या रस्त्यावर पंक्चर कुठे झालं आणि टायरमधून काय निघालं एवढं खाली लिहा. ठिकाण नीट लिहा, 'तिकडे' असं नको. वहीत नोंद करायचीय.